गुत्ता, मक्ता आणि कलाल

मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत ‘गुत्तेदार’ हा शब्द रस्ता करणाऱ्याला, तलावातला गाळ काढणाऱ्याला, शाळेच्या खोल्या बांधणाऱ्याला लावतात. पुण्यात तोच शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनात आधी दारू येते, कारण इकडे गुत्ता म्हणजे दारूचाच गुत्ता. गोदाकाठचा सभ्य कंत्राटदार मुठाकाठी येईपर्यंत दारूवाला कसा झाला, हे कोडे मला बरेच दिवस खुणावत होते. ते सोडवू पाहताना लक्षात आले, की दारू गाळणारा कोण, ठोकाने पुरवणारा कोण आणि पेल्याने विकणारा कोण, हे तिघे एक असावेत की वेगळे, या कायद्याच्या जुन्या प्रश्नाची अर्धी हकिकत या शब्दांतच साठलेली आहे.

गुत्ता मूळचा मराठी दिसत नाही. तेलुगूत ‘गुत्त’ म्हणजे ठरीव रकमेवर घेतलेला एकट्याचा हक्क, ‘गुत्तेदारु’ म्हणजे कंत्राटदार, आणि आजच्या तेलुगूत मक्तेदारीला सरळ ‘गुत्ताधिपत्यम्’ म्हणतात. कन्नडात ‘गुत्तिगे’ आहे, तमिळमध्ये ‘कुत्तगै’; दोन्हींत खंडाने किंवा कराराने घेण्याचा भाव आहे. तेव्हा शब्द द्राविडी कुळातला मानायला हरकत नसावी. तेलुगू-कन्नडच्या शेजाराने तो मराठवाड्यात मूळ अर्थासकट टिकला. पश्चिमेकडे येताना मात्र त्याचा अर्थ आकसला: आधी कुठलेही कंत्राट, मग दारूचे कंत्राट, मग ते कंत्राट ज्या जागी चाले ती जागा. करार हा कागदावरचा व्यवहार. तो लोकांना दिसत नाही. लोकांना दिसतो तो गल्ल्यावर बसलेला माणूस आणि त्याच्यामागची पिंपे. म्हणून कराराचे नाव जागेला चिकटले असावे.

अर्थाची हीच वाट आणखी एका भाषेने धरली, म्हणून या तर्काला बळ येते. हिंदीत ‘ठेका’ म्हणजे कंत्राट, पण दिल्ली-हरियाणाच्या रस्त्यांवर ‘ठेका’ म्हणजे दारूचे दुकान. ठेका आणि आपला टेकू एकाच घरातले असावेत. तबल्याचा ठेकाही गाण्याला आधारच देतो. कराराच्या आधारावर चालणारे ते ठेक्याचे दुकान, आणि पुढे नुसता ठेका. तेलुगू शब्दाचे मराठीत जे झाले, तेच हिंदी शब्दाचे हिंदीत झाले, आणि दोघांनी एकमेकांना विचारलेले दिसत नाही.

गोव्यात तर याहून मजेची गाठ आहे. कोकणीत माडाची सूर काढणाऱ्याला ‘रेंदेर’ म्हणतात. हा पोर्तुगीज ‘रेंदैरु’. ‘रेंद’ म्हणजे खंड, भाडे, सरकारकडून मक्त्याने घेतलेली वसुली. इथे कराराचे नाव दुकानाकडे गेले नाही, माडावर चढणाऱ्या माणसाकडे गेले. पण कारण तेच: कर भरणारा, सूर काढणारा आणि ती विकणारा ही एकाच अंगाची तीन कामे होती. जिथे करार, निर्मिती आणि विक्री यांच्यात भिंत नसते, तिथे एकाचे नाव दुसऱ्याला सहज लागते. भिंत असती तर तीन नावे टिकली असती.

आता मक्ता. ‘दारूचा मक्ता’, ‘मिठाचा मक्ता’, ‘नावेचा मक्ता’ हे प्रयोग जुन्या मराठीत भरपूर सापडतात, आणि अलीकडे ‘मक्तेदारी’ हा शब्द अर्थशास्त्रानेही आपला केला आहे. मूळ अरबी ‘मुकातआ’ दिसते. त्याचा धातू काफ-तोय-ऐन, अर्थ कापणे, तोडणे. रक्कम तोडून ठरवायची, मग वर्षभर वसुली कमी होवो की जास्त, सरकारला तेवढीच. आपण आजही ‘अमुक रकमेला सौदा तोडला’ म्हणतो. त्या म्हणण्याचा आणि मक्त्याचा विचार एकच आहे. सुलतानांच्या काळातला ‘इक्ता’, म्हणजे सरदाराला तोडून दिलेला मुलूख, याच धातूचा. आणि गझलेचा शेवटचा शेर, ज्यात कवी आपले नाव घालतो, तो ‘मक्ता’ही तिथलाच: जिथे गझल तुटते, संपते ती जागा. परवाना हा शब्दही या दोन दुनियांत असाच नांदतो. फारसी ‘पर्वाना’ म्हणजे हुकूमनामा, आणि ‘पर्वाना’ म्हणजे दिव्यावर झेपावणारा पतंगही. साकीचे तर सांगायलाच नको: पाणी पाजण्याच्या अरबी धातूपासून तो आला, आणि हिशेबाने पाहिले तर साकी हा पेल्याने विकणारा किरकोळ विक्रेताच.

किरकोळ म्हटले आणि पाय अडखळला. किरकोळ बहुधा कन्नड ‘किरुकुळ’वरून आले असावे. ‘किरु’ म्हणजे लहान. किरुकुळ म्हणजे क्षुल्लक, बारीकसारीक. आजच्या कन्नडात किरुकुळ म्हणजे छळ, जाच. बारीकसारीक त्रासातून तो अर्थ निघाला असावा. त्याचा जोडीदार ‘घाऊक’ हा घावातून निघाला असावा, असे मला वाटते: एका घावात जे उचलायचे ते घाऊक. इंग्रजीत ‘रिटेल’ हे जुन्या फ्रेंच कापण्यावरून आले. मोठ्या ठाणातून तुकडा कापून देणे. म्हणजे मक्त्यात रक्कम तोडणे, घाऊकात घाव, रिटेलमध्ये कापणे. व्यापाराची भाषा तिन्ही टोकांना सुरीच हातात घेऊन उभी आहे. कायदाही पुढे हीच सुरी चालवताना दिसतो, पण ती माल कापायला नव्हे, माणसे वेगळी करायला.

माणसे एक होती तेव्हा त्यांचे नाव होते कलाल. कोशकार हा शब्द संस्कृत ‘कल्यपाल’कडे नेतात. ‘कल्या’ म्हणजे मद्य, ‘पाल’ म्हणजे राखणारा. प्राकृतात ‘कल्लाल’, आणि तिथून आपला कलाल व हिंदीतला कलवार. ‘कल्य’ म्हणजे पहाटही. संस्कृतात न्याहारीला ‘कल्यवर्त’ म्हणत आणि हिंदीतला ‘कलेवा’ त्याचाच नातू. पहाटेचा आणि मद्याचा कल्य एकच की दोन, याचा निवाडा मी करू धजत नाही. पण पहाटे उतरवलेली ताडी ज्याने पाहिली आहे त्याला दोन्ही एकाच घरचे वाटले तर नवल नाही. कलालाच्या नावात ना गाळण्याचा उल्लेख आहे, ना विकण्याचा. तो दारूचा ‘पाल’. भट्टीही त्याची, मडकीही त्याची, उधारीची वहीही त्याची.

याहून जुना शब्द ‘शौंडिक’. शुंडा म्हणजे हत्तीची सोंड, शुंडा म्हणजे मद्य, आणि मद्य मिळण्याचे ठिकाणही. सोंडेचा दारूशी संबंध काय? पुरातत्त्वज्ञ ऑलचिन यांनी १९७९ साली एक शोधनिबंध लिहिला. पेशावरजवळच्या शेखान ढेरी इथे सापडलेल्या मातीच्या भांड्यांवरून प्राचीन भारतात ऊर्ध्वपातन होत असावे असा त्यांचा दावा आहे, आणि सोंडेसारख्या नळीचा आणि या शब्दाचा मेळ त्यांनी घातला आहे. सर्वांनाच तो पटलेला नाही. मला मात्र गाळणीची वाकडी नळी आणि सोंड ही जोडी डोळ्यांसमोरून हलत नाही. बंगालीतला ‘शुंडी’ हा दारू विकणारा याच वंशातला. व्याकरण शिकलेल्यांना ‘शौंड’ निराळ्या वाटेने ठाऊक असतो: अक्षशौंड म्हणजे फाशांत मुरलेला, दानशौंड म्हणजे देण्यात मुरलेला. व्यसनातून कौशल्याकडे गेलेला हा अर्थ फार लोभस आहे.

पाणिनीकडे या शब्दाचा खरा ऐवज आहे. अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात ‘तिथून आलेले’ या अर्थाच्या प्रत्ययांची चर्चा चालू असताना आधी ‘आयस्थान’ म्हणजे राजाच्या उत्पन्नाची ठिकाणे येतात, आणि लगेच ‘शुण्डिकादि’ गण येतो. शुंडिकाकडून जे येते ते शौंडिक. म्हणजे ज्याला आपण कालपरवापर्यंत ‘अबकारी उत्पन्न’ म्हणत होतो, त्याचे व्याकरण पाणिनीने लावून ठेवले आहे. पुढे शौंडिक हे उत्पन्नाचे नाव न राहता माणसाचे झाले. इथेही महसूल आणि माणूस यांच्यात नावाची देवघेव! याज्ञवल्क्यस्मृतीत एक बारीक नियम आहे: गवळी, शौंडिक, नट, परीट आणि व्याध यांच्या बायकांनी काढलेले कर्ज नवऱ्याने फेडले पाहिजे, कारण त्यांची उपजीविका त्या बायकांवर चालते. शौंडिकाच्या दुकानात गल्ल्याशी कोण बसत असे ते यावरून कळते. दारूच्या धंद्यात कुणाचा कुठे हितसंबंध आहे हे पाहून कायदा लिहिल्याचा इतका जुना दाखला मला दुसरा आठवत नाही.

कौटिल्याने या धंद्यावर ‘सुराध्यक्ष’ नेमला. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु असे प्रकार तो मोजतो. यातली आसवे आणि अरिष्टे आजही आपल्या आयुर्वेदीय औषधांच्या दुकानात द्राक्षासव, दशमूलारिष्ट होऊन फळीवर उभी असतात. पण माझे लक्ष तिथल्या दोन शब्दांनी वेधले: ‘एकमुख’ आणि ‘अनेकमुख’. सुरेचा व्यवहार दुर्गात, जनपदात, छावणीत एका मुखाने चालवावा की अनेक मुखांनी, हे परिस्थिती पाहून ठरवावे, असा आशय. मुख म्हणजे माल बाहेर पडण्याची वाट. एकमुखी म्हटले की आपल्याला नारायणपूरचा दत्त किंवा रुद्राक्ष आठवतो, आणि ‘एकमुखाने’ म्हणजे एकमताने. पण व्यापारात एकमुख म्हणजे ज्याच्या हातात ते मुख त्याच्या हातात सगळे. राजाच मालक असेल तोवर हा प्रश्न उत्पन्नाचा असतो. राजा बाजूला होऊन मुख व्यापाऱ्याच्या हाती गेले, की तो प्रश्न सत्तेचा होतो.

इंग्रजी अमदानीत आरंभी नेमके हेच होते. जिल्ह्याचा किंवा तालुक्याचा मक्ता लिलावात घेणारा गाळण्याचाही हक्क घेई आणि विकण्याचाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या आटत गेल्या आणि मोठ्या मध्यवर्ती भट्ट्या पुढे आल्या. उरण त्यासाठी प्रसिद्ध झाले. कर आता लिलावाच्या आकड्यावर न राहता भट्टीतून निघणाऱ्या गॅलनवर, तिच्या कडकपणाप्रमाणे बसू लागला. मोहाच्या फुलांवरही १८९२ च्या कायद्याने निर्बंध आले. मोह हा शब्द संस्कृत मधूकावरून आलेला, पण षड्रिपूंतल्या मोहाशी त्याचे रूप इतके जुळले की दारूबंदीच्या व्याख्यानांना शब्दश्लेष आयता मिळाला.

भट्टी वेगळी झाली, तरी तिचा मक्तेदार आणि दुकानांचा मालक एकच राहण्याची शक्यता होतीच. १९०५-०६ च्या अबकारी समितीने कंत्राटी पुरवठ्याची पद्धत सुचवली तिचे मर्म इथे आहे: पुरवठ्याचे कंत्राट निविदेने एकाला द्यायचे, त्याचा दर परवान्यातच बांधून द्यायचा, आणि विक्रीचे हक्क स्वतंत्रपणे दुसऱ्यांना द्यायचे. कलालाचे इथे दोन तुकडे झाले. एक तुकडा कारखानदार झाला, दुसरा दुकानदार, आणि ‘कलाल’ हे नाव धंद्यापासून सुटून नुसते जातीचे, आडनावाचे उरले.

‘हातभट्टी’ हा शब्दही या तोडणीचेच अपत्य असावा. भट्टी म्हणजे संस्कृत ‘भ्राष्ट्र’, भाजण्याची कढई किंवा चूल. जोवर सगळ्या भट्ट्या हातानेच चालत, तोवर ‘हात’ लावायची गरज नव्हती. गिरणी आल्यावर मागाला हातमाग म्हणावे लागले, तसे कारखाना आल्यावर कलालाच्या भट्टीला हातभट्टी म्हणावे लागले, आणि ती बेकायदा असल्याने हा ‘हात’ लवकरच गुन्ह्याचा झाला. कष्टाच्या अर्थी जो उपसर्ग इतरत्र मानाचा आहे, त्याला इथे पोलिसांच्या पंचनाम्यात बसावे लागले.

तसे पाहिले तर ‘अबकारी’ शब्दही जुन्या एकत्रपणाचाच साक्षी. फारसी ‘आब’ म्हणजे पाणी, आणि तो आपल्या ‘आपः’चा सख्खा भाऊ; ‘कारी’त आपल्याच ‘कृ’ची बहीण बसली आहे. आबकारी म्हणजे पाण्याचे काम: गाळणे, विकणे आणि त्यावरचा कर, तिन्ही. आजचे नाव ‘राज्य उत्पादन शुल्क’. शुल्क शब्दाला कौटिल्याच्या शुल्काध्यक्षापासूनची परंपरा आहे, पण ‘उत्पादन’ या शब्दाने खात्याचे निम्मेच काम सांगितले, असे मला नेहमी वाटते. खात्याचे खरे ओझे विक्रीच्या परवान्यांचे आहे. आणि ज्या कायद्याखाली हे परवाने दिले जातात तो १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम, आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम. परवानगीचा कायदा बंदीच्या नावाने चालतो, याचे कारण त्याच्या जन्मात आहे: बंदी आधी आली, सवलती मागून, एकेका परमिटाने. ‘परमिट रूम’ हा शब्द त्या सवलतींचा अवशेष.

पुण्यातल्या कर्वेनगरच्या मुख्य रस्त्याने चालत गेले तरी या सवलतींची वर्गवारी पाट्यांवर वाचता येते. ‘वाइन शॉप’ म्हणून जे लिहिलेले असते तिथे वाइन कमी आणि व्हिस्की-रम जास्त. त्याचा परवाना एफएल-२. ‘बिअर शॉपी’ वेगळी. हा ‘शॉपी’ इंग्रजीतल्या जुनाट ‘शॉप्पे’ या लेखनाचा मराठी उच्चार दिसतो. मोबाइल शॉपी, गिफ्ट शॉपी असा तो आता पक्का मराठी झाला आहे. परमिट रूमचा एफएल-३. ठोकवाल्याचा एफएल-१, पण त्याची पाटी रस्त्यावर दिसत नाही, कारण त्याचे गिऱ्हाईक दुकानदार. देशी दारूला सीएल-१, सीएल-२, सीएल-३: बनवणारा, ठोकाने देणारा, किरकोळ विकणारा. जुन्या माणसांच्या तोंडी ‘पिठा’ही आहे. तो ‘पीठ’ म्हणजे बैठक, यावरून की ‘पैष्टी’ या पिठाच्या दारूवरून? माळव्यात लाकडांच्या बाजाराला ‘लक्कडपीठा’ म्हणतात, त्यावरून पीठ म्हणजे विक्रीची जागा हा अर्थ जवळचा वाटतो. अरबी ‘दुक्कान’चा मूळ अर्थही बाकच, उंच बैठकच.

कर्वेनगर हे नावही तसे अलीकडचे. गावाचे जुने नाव हिंगणे बुद्रुक. इथे धोंडो केशव कर्व्यांची संस्था १९०० साली आली आणि पुढे वस्तीने त्यांचे नाव घेतले. हिंगणे बहुधा हिंगणाच्या झाडावरून, आणि बुद्रुक म्हणजे फारसी ‘बुजुर्ग’. मुठेपलीकडे हिंगणे खुर्द आहे, म्हणजे धाकटे. या भागात आता सोसायट्याच सोसायट्या आहेत, म्हणून २०२५ च्या मार्चमधली विधानसभेतली घोषणा इथे चवीने वाचली गेली: सोसायटीच्या गाळ्यात नवे दारूचे किंवा बिअरचे दुकान काढायचे तर सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र हवे. पुण्याला या प्रश्नाची आठवण जुनी आहे. १८८० साली नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी शहरात दारूची दुकाने वाढवण्याविरुद्ध लेखी हरकत घेतली. १९०८ मध्ये टिळकांच्या अनुयायांनी दुकानांसमोर उभे राहून लोकांना परतवले. दुकान कुठे असावे यावर पुणेकर नेहमी बोलले. दुकान कुणाचे असावे, यावर फारसे नाही.

पाश्चात्त्य देशांत वाद या दुसऱ्या प्रश्नावर पेटला. इंग्लंडात बिअर करणाऱ्या कंपन्यांनीच गुत्ते विकत घेतले, आणि तिथे त्याच कंपनीची बिअर मिळे. अशा जागेला ते ‘टाइड हाऊस’ म्हणत, बांधलेले घर. १९८९ साली तिथल्या सरकारने दोन हजारांहून जास्त गुत्ते असणाऱ्या कंपन्यांना वरच्यातले निम्मे मोकळे करायला लावले. अमेरिकेत दारूबंदीपूर्वी कारखानदारच सलूनवाल्याला आरसे, टेबले, परवान्याची फी देत आणि मग त्याने जास्तीत जास्त ओतावे म्हणून मागे लागत. १९३३ मध्ये बंदी उठली, आणि १९३५ च्या मद्य कायद्याने कारखानदाराला किंवा ठोकवाल्याला किरकोळ दुकानाच्या परवान्यात, जागेत हितसंबंध ठेवायला, फर्निचर-पैसे पुरवायला, त्याचे कर्ज हमी राहून काढून द्यायला मनाई केली. अनेक राज्यांनी उलट दिशाही बंद केली: दुकानदारानेही कारखान्यात भाग घ्यायचा नाही. आपल्याकडे दिल्लीच्या २०२१-२२ च्या अबकारी धोरणात बनवणारा, ठोकवाला आणि किरकोळ विक्रेता यांच्यात असा पडदा लेखी घातला होता, आणि तो फाडला गेला की नाही यावरून पुढे तपास झाले.

‘टाइड’ला मराठीत काय म्हणावे? ‘बांधील दुकान’ हे मला सर्वांत जवळचे वाटते. बांधील माणूस स्वतःहून बोलू शकत नाही, बांधील दुकान स्वतःहून माल निवडू शकत नाही. ‘इंटरेस्ट’ला आपण ‘हितसंबंध’ करतो, पण त्याच इंग्रजी शब्दाचा दुसरा मराठी अर्थ ‘व्याज’. संस्कृतात व्याज म्हणजे बहाणा, आडपडदा. व्याजस्तुती, व्याजोक्ती यांत तो अर्थ शाबूत आहे. कर्जावरची वाढ ‘व्याज’ कशी झाली? सावकार ती वाढ दुसऱ्या नावाने, बहाण्याने घेत असावा, असा एक तर्क आहे. कायद्यापासून लपवलेला हितसंबंध हे संस्कृत अर्थाने व्याजच: नाव मेव्हण्याचे, पैसा कारखान्याचा. त्यासाठी फारसीने आपल्याला ‘बेनामी’ दिला, म्हणजे नावावाचून. नाव नसलेल्या मालकाला कायदा कसा पकडणार, हे या सगळ्या कलमांपुढचे अवघड गणित आहे.

सगळी सरमिसळ वाईटच, असे मी म्हणणार नाही. नाशिकच्या द्राक्षबागांत २००१ च्या धोरणापासून वाइन करणारा आपल्या आवारातच ती विकू शकतो, आणि शेतकऱ्याच्या मालाला त्याने चव आणि भाव मिळाला. मायक्रोब्रुअरीत टाकी आणि पेला एकाच छपराखाली असतात. पुण्यात २००९ साली सुरू झालेली ‘डुलाली’ त्यांतली आरंभीची. तिचे नाव मला फार आवडते. गोऱ्या सोल्जरांची देवळालीला छावणी होती. परतीच्या जहाजाची वाट पाहताना कंटाळून, तापाने काहीजण वेडेपिसे होत. त्या अवस्थेला त्यांनी ‘डुलाली टॅप’ म्हटले. डुलाली म्हणजे देवळाली, टॅप म्हणजे आपला ताप. इंग्रजीत गेलेले गाव बिअरच्या नळावर बसून पुण्यात परतले, आणि ‘टॅप’ शब्दाला नळाचा अर्थ आयताच होता. गाळणारा आणि वाढणारा एकच असलेला हा छोटा कलाल आहे. त्याची टाकी जेवढी, तेवढीच त्याची सत्ता.

मोठ्याचे मात्र तसे नाही. महाराष्ट्रात किरकोळ विदेशी मद्याचे नवे एफएल-२ परवाने सत्तरच्या दशकाच्या आरंभापासून थांबलेले आहेत. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनाच्या सुमारास ३२८ नवे परवाने देण्याचा प्रस्ताव चर्चेत आला. त्यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ते मद्य बनवणाऱ्या ४१ कंपन्यांना प्रत्येकी आठ याप्रमाणे द्यायचे होते. गदारोळ झाला तो मुख्यतः संख्येवर. माझ्या मते आक्षेप घ्यायचा होता तो ‘कुणाला’ यावर. परवाना कारखान्याच्या नावावर गेला की दुकानाची फळी त्याच्या मालाने भरणार, लहान कारखानदाराची बाटली मागच्या खणात जाणार, आणि दर वर्षाच्या विक्रीचा आकडा वरून ठरून येणार. पाऊण-एक शतक लागून मक्तेदाराचे जे दोन तुकडे केले गेले, ते एका सरकारी आदेशाने पुन्हा सांधले जातील. परवाने वाढवायचेच असतील तर ते मद्य न बनवणाऱ्यांनाच मिळावेत, आणि अर्जात कारखान्याशी, ठोकवाल्याशी कुठलाही हितसंबंध नाही हे कुटुंबासकट लिहून घ्यावे. याज्ञवल्क्याने शौंडिकाच्या बायकोचा विचार केला होता; आपण निदान तेवढे तरी बारकाईने पाहावे.

वाचकांकडे एक मागणी आहे. मावळ-मुळशीत, भोर-वेल्ह्यात अनेक घरांत जुनी दफ्तरे अजून कापडात बांधून ठेवलेली आहेत. त्यांत दारूच्या मक्त्याचा कागद निघाला, तर गाळण्याच्या जागेला आणि विकण्याच्या जागेला तिथे एकच शब्द वापरला आहे की दोन, आणि त्यांत कुठे गुत्ता येतो का, एवढे पाहून ते तारखेसह कळवावे.